भयाचें शिक्षण

भयाची स्तुति हा अलीकडे सुशिक्षितांचा आवडता विषय झाला आहे. घराचा ऊबदार कोपरा सोडा, धोका पत्करा, ज्याचें भय वाटतें त्यालाच सामोरे जा, म्हणजे तुमचें व्यक्तित्व फुलेल, असा उपदेश जिकडे तिकडे ऐकूं येतो. मीही तो केलेला आहे. २०२५ च्या डिसेंबरांत दौंड येथें विद्यार्थ्यांच्या एका मेळाव्यांत मी याच विषयावर पाऊण तास बोललों, आणि टाळ्याही पुष्कळ पडल्या. सभा संपल्यावर भीमेपलीकडील, म्हणजे शिरूर तालुक्यांतील, एका खेड्याचा मुलगा जवळ आला व म्हणाला, "सर, आमचे वडील रात्री दोनला उसाला दारं धरायला जातात. त्यांचा विकास किती झाला असेल?" त्याच्या स्वरांत उर्मटपणा नव्हता, म्हणूनच तो प्रश्न मला सोडीना.

ज्यांना त्या भागाची माहिती नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. धरणें व कालवे झाले तसा घोड आणि भीमा या नद्यांच्या कांठीं ऊस वाढला. उभ्या उसांत महिनेच्या महिने कोणी फारसें शिरत नाहीं. बिबट्याला आडोसा मिळतो, वस्तीवरचीं कुत्रीं-शेळ्या हें भक्ष्य मिळतें, आणि मादी तेथेंच पिल्लें घालते. शेतीपंपाची वीज मात्र पाळीपाळीनें येते. कित्येकदां ती रात्रींच येते. दिवसा वीज देण्यासाठीं सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून आहे खरी, पण ती सर्वांच्या बांधापर्यंत पोंचलेली नाहीं. म्हणजे बिबट्याच्या वेळींच शेतकऱ्याला शेतांत जावें लागतें. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड-जांबूत परिसरांत सुमारें तीन आठवड्यांत तिघांचे बळी गेले. त्यांत दोन मुलें होतीं. लोकांनीं महामार्ग अडविला, एक बिबट्या गोळी घालून मारण्यांत आला, आणि पिंपरखेडच्या कांहीं शेतकऱ्यांनीं स्वतःच्या गळ्यांत अणकुचीदार खिळ्यांचे पट्टे बांधले. असे पट्टे आपल्याकडे राखणीच्या कुत्र्यांना घालीत आले आहेत.

मी त्या मुलाच्या घरीं जाऊन एक रात्र राहिलों. तें प्रायश्चित्त होतें कीं नुसतें कुतूहल, हें मला अजून नीट सांगतां येत नाहीं. दीडच्या सुमारास वीज आली, आणि मी त्याच्या वडिलांमागून निघालों. त्यांच्या एका हातांत बॅटरी, दुसऱ्या हातांत काठी, खिशांतल्या मोबाइलवर मोठ्यानें लावलेलें भजन. उसाचें पान हललें कीं माझें काळीज थांबे. ते मधूनमधून खांकरत, उजेड जमिनीलगत फिरवीत, ऐकत, आणि मग पाऊल टाकीत. मोटार चालू झाली, सऱ्यांतून पाणी धांवूं लागलें. पहांटे परत आल्यावर मला जो उल्हास वाटला तसा कित्येक वर्षांत वाटला नव्हता. आपण कांहीं तरी जिंकून आलों असें झालें. मीं तें बोलूनही दाखविलें. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही आज आलात, सर. माझी पाळी उद्याही आहे, परवाही आहे." थोड्या वेळानें म्हणाले, "पोरगं मागं लागतं, मी येतो म्हणून. मी त्याला आणत नाही."

माझ्या व्याख्यानाचें याहून नेमकें खंडन कोणी केलें नसतें. ज्याला भयाचा सर्वांत अधिक परिचय, तो आपल्या मुलाला त्या शाळेंत घालावयास तयार नाहीं. अंधार एकच होता, ऊस एकच होता. पण मला परत फिरतां येत होतें. माझें भय मीं हौसेनें आणलेलें होतें, त्यांचें त्यांच्यावर लादलेलें होतें, आणि मीं दोहोंना एकच नांव देऊन टाळ्या मिळविल्या होत्या.

प्लेटोच्या 'लॅकीज' या संवादांत धैर्य म्हणजे काय याची चर्चा आहे. सिंह, बिबळ्या, रानडुक्कर यांना धैर्यवान् म्हणावें काय, असा प्रश्न तेथें निघतो. निकिअस हा सेनापति म्हणतो कीं, अविचारामुळें ज्याला भय कळतच नाहीं तो निर्भय असेल, धैर्यवान् नव्हे. या कसोटीला तो शेतकरी पुरेपूर उतरतो. त्याला भय कळतें, आणि तें तो पावलागणिक मोजतो. येथें कोणी म्हणेल, मग भयानेंच त्याला घडविलें ना? घडविलें असेल. टिळकांनीं मंडालेच्या तुरुंगांत 'गीतारहस्य' लिहिलें, म्हणून तुरुंग ही ग्रंथलेखनाची योग्य जागा आहे असें आपण म्हणत नाहीं. मनुष्याचें मोठेपण त्याच्यावर कोसळलेल्या आपत्तीच्या खात्यावर जमा करणें हा हिशेबांतला लबाडपणा आहे.

शिवाय भय आपण होऊन कांहींच शिकवीत नाहीं. जुन्नर भागांत २००१ पासून बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम झाली. लोकांच्या भयाला तें तात्काळ उत्तर वाटलें. विद्या अत्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दिसून आलें कीं, माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चारांवरून सतरांवर गेले होते. भ्यालेल्या समाजाला घाई सुटते, आणि घाईला अभ्यासाचा कंटाळा असतो.

तरी माझा विषय सर्वस्वीं खोटा होता असें मला वाटत नाहीं. भरसभेनंतर पाहुण्या प्राध्यापकाला तो प्रश्न विचारतांना त्या मुलाच्या कपाळावर घाम होता. तो धोका त्यानें स्वतः निवडला होता, आणि त्याची किंमतही तोच देणार होता. त्या दिवशीं सभेंत कोणाची वाढ झाली असेल तर ती त्याची.

पुढील मेळाव्याचें निमंत्रण नुकतेंच आलें आहे. विषय तोच ठेवावा अशी चालकांची इच्छा आहे. मीं होकार कळविला, आणि सभा चार वाजतां संपवावी अशी विनंति केली. भीमेपलीकडच्या मुलांना उजेडांत घरीं पोंचावयाचें असतें.