शांत सर्किटचा भरवसा

व्होल्टेज फॉलोअरचे सर्किट सिम्युलेटरमध्ये काढावे, त्यातल्या ऑप-ॲम्पची प्लस आणि मायनस टोके मुद्दाम उलटी जोडावीत आणि साध्या रेषीय मॉडेलवर एसी ॲनालिसिस चालवावे. प्रत्यक्षात असे सर्किट सप्लायच्या एका टोकाला जाऊन अडकते. सिम्युलेटर मात्र बिनदिक्कत सांगतो, की गेन जवळजवळ 1 आहे. गणित सोपे आहे. ऑप-ॲम्पचा स्वतःचा गेन A धरला, तर सरळ जोडणीत गेन येतो A भागिले (A अधिक 1), उलट्या जोडणीत A भागिले (A उणे 1). 741 या आयसीचा A दोन लाखांच्या घरात असल्याने दोन्ही उत्तरे दिसायला सारखीच, फेजचा आलेख मात्र उलट दिशेला वळतो. पण तिकडे बघतो कोण? अपेक्षित उत्तर मिळाले की सर्किट बरोबर, हा समज इथेच कोसळतो. स्थैर्य हा वेगळा प्रश्न आहे आणि तो मुद्दाम विचारल्याशिवाय सिम्युलेटर त्याचे उत्तर देत नाही.

याचे कारण सिम्युलेटरच्या कामाच्या पद्धतीत आहे. बर्कले विद्यापीठात लॉरेन्स नेगल आणि डोनाल्ड पेडरसन यांनी 1973 मध्ये पुढे आणलेला स्पाइस आणि त्याचे आजचे वंशज आधी कपॅसिटर वगळून सर्किटचा डीसी तोल शोधतात. तो तोल टिकाऊ आहे की नाही, याची चौकशी या टप्प्यावर होतच नाही. पुढचे ट्रान्झिएंट ॲनालिसिसही त्याच तोलापासून सुरू होते. तिथे ना खऱ्या टेबलावरचा नॉइज असतो, ना सप्लाय चालू होतानाचा धक्का. टोकावर उभी केलेली पेन्सिल वारा नसलेल्या खोलीत उभीच राहावी, तसे अस्थिर सर्किटही पडद्यावर सरळ रेषा काढत बसू शकते. त्यात आकडेमोडीच्या पद्धतींचे स्वभाव वेगवेगळे. ट्रॅपेझॉइडल पद्धत कधी नसलेली थरथर दाखवते, तर गिअर पद्धत असलेली थरथरही दाबून टाकते.

म्हणून पाहायचा तो लूप गेन. हॅरी नायक्विस्टने 1932 मध्ये स्थैर्याचा निकष मांडला, तो फीडबॅकच्या पूर्ण फेरीविषयी होता. ही फेरी सरसकट तोडता येत नाही, कारण डीसी फीडबॅक गेला की एवढ्या गेनचा ऑप-ॲम्प लगेच सॅच्युरेट होतो. प्रचंड मोठा इंडक्टर घालून डीसी चालू ठेवायचे आणि एसी अडवायचे, ही जुनी युक्ती; पण तिच्यात तोडलेल्या जागेवरचा लोड बदलतो. मिडलब्रुक यांनी 1975 मध्ये लूप न तोडताच व्होल्टेज आणि करंट आळीपाळीने सोडून लूप गेन काढण्याची रीत दिली, ती अधिक विश्वासार्ह.

या रीतीने नेमके काय हाती लागते, हे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात शोभेल अशा उदाहरणात पाहू. सेन्सरजवळचा 741 फॉलोअर 100 मीटर शील्डेड केबलमधून कंट्रोल रूमकडे सिग्नल पाठवतो आहे. मीटरला 100 पिकोफॅरड धरले तरी 10 नॅनोफॅरड झाले. आयसीचा आउटपुट रेझिस्टन्स साधारण 75 ओहम, म्हणजे सुमारे 212 किलोहर्ट्झला नवा पोल आला. 1 मेगाहर्ट्झच्या या आयसीचा लूप गेन आता 450 किलोहर्ट्झच्या आसपास 1 वर येतो आणि फेज मार्जिन उरतो जेमतेम 25 अंश. आयसीचे स्वतःचे वरचे पोल धरले तर आणखी कमी. एरवी 45 ते 60 अंशांची अपेक्षा असते. केबल जोडण्यापूर्वीचे तेच सर्किट निर्दोष दिसत होते.

यावर पहिला आक्षेप असा, की 1968 मध्ये डेव्ह फुलगर यांनी 741 च्या पोटातच स्थैर्यासाठी 30 पिकोफॅरडचा कपॅसिटर बसवला, मग विद्यार्थ्यांना ही भानगड कशाला? उत्तर वरच्या परिच्छेदात आहेच: ती तजवीज केबलचा हिशेब धरून केलेली नव्हती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार. मॉडेल म्हणजे आयसी नव्हे. बॉब पीझसारखा मुरलेला ॲनालॉग डिझायनर स्पाइसवर तोंडसुख घेत असे, ते उगाच नाही. बॉइल आणि सहकाऱ्यांचे 1974 चे मॅक्रोमॉडेल आयसीचे बाह्य वर्तन मोजक्या घटकांत बसवते. ब्रेडबोर्डच्या शेजारच्या ओळींमधले पिकोफॅरड आणि सप्लायच्या लांब वायरी त्यात नसतात. हे सगळे मान्य. पण यावरून सिम्युलेशन निरुपयोगी ठरत नाही, त्याच्या साक्षीचे वजन एका बाजूला कलते एवढेच. मॉडेलमध्येच मार्जिन 25 अंश निघाला, तर खरे सर्किट त्याहून बरे निघेल अशी आशा धरू नये. 65 निघाला तर आउटपुट रेझिस्टन्स आणि लोड मागेपुढे करून पाहावे आणि मगच सोल्डरिंगला बसावे. शिवाय टेबलावर लूप गेन मोजणे सोपे नाही, आणि स्कोपचा प्रोबही सर्किटवर आपले काही पिकोफॅरड लादतोच.

वाशी, नेरूळ, ऐरोलीतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. खाडीपलीकडे पवईत, आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात तयार झालेले ई-सिम मोफत आहे आणि त्याच्या पोटात एनजीस्पाइस चालते. अडचण आहे ती प्रॅक्टिकलच्या जर्नलची. उद्देश, आकृती, निरीक्षण तक्ता, निष्कर्ष या साच्यात 'गेन 1 आला' असे लिहिले की सही मिळते. ऑप-ॲम्पच्या प्रत्येक प्रयोगाला दोन आलेख सक्तीचे करावेत: खऱ्या लोडसह लूप गेनचा आणि त्याच लोडवर छोट्या स्टेपचा. स्टेप 20 मिलिव्होल्टची पुरे. 5 व्होल्टची दिली तर 741 चा मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट हा स्ल्यू रेट आड येतो आणि मार्जिन किती तुटपुंजा आहे ते नीट कळत नाही.