खुर्चीची आतली बाजू

नाताळ जवळ आला, की आपल्या धर्मग्रामातील घराघरांतून साफसफाईला आरंभ होतो. भिंतींना रंग लागतो, गव्हाणीचे सामान माळ्यावरून खाली येते आणि बैठकीच्या खोलीतील जुन्या खुर्च्यांकडे लक्ष जाते. रेक्झीनला भेगा पडलेल्या असतात, बसकण खचलेली असते, एखाद्या कोपऱ्यातून काथ्या डोकावत असतो. नवे घ्यावे तर पैसे फार. शिवाय लाकूड अजून भक्कम आहे, वडिलांच्या वेळचे सागवान आहे. मग गादीवाल्याला निरोप जातो. तो येतो, खुर्ची उलटी करून पाहतो, बोटांनी पट्टे दाबतो आणि दर सांगतो. घरातील बाई म्हणतात, "आतलं राहू द्या ना भाऊ, वरून तेवढं नवं कापड लावून द्या."

या साध्या वाक्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे असे मला वाटते, आणि त्या प्रश्नाचा आपल्या श्रद्धेशी जवळचा संबंध आहे.

हे काम कसे चालते ते आधी पाहू. गादीची खुर्ची म्हणजे एकावर एक चढवलेले थर. सर्वांत खाली लाकडी चौकट. तिच्यावर आडवे-उभे विणून ताणलेले नवारीचे पट्टे. स्प्रिंगा असल्या, तर त्या पट्ट्यांवर बसवून सुतळीने एकमेकींशी बांधतात, म्हणजे एकीवर आलेला भार सगळ्यांत वाटला जातो. त्यावर गोणपाट, गोणपाटावर काथ्या, काथ्या अंगाला टोचू नये म्हणून कापसाचा थर, त्यावर मांजरपाट, आणि शेवटी आपल्याला दिसते ते कापड किंवा रेक्झीन. जुनी खुर्ची नीट दुरुस्त करावयाची, तर हा सगळा क्रम उलट्या बाजूने उलगडावा लागतो. गंजलेल्या चुका एकेक करून, लाकूड न फाटेल अशा बेताने उपटाव्या लागतात. (चूक म्हणजे बारीक खिळा, हा अर्थ आता मुलांना सांगावा लागतो.) सांधे ढिले असतील, तर ते सोडवून, जुना सरस खरवडून पुन्हा बसवावे लागतात. यात दिवस जातो, धूळ नाकातोंडात जाते आणि दिसण्यासारखे काहीच तयार होत नाही. वरचे कापड लावणे हे त्या मानाने थोडक्या वेळाचे काम. पाहुणे कौतुक करतात ते मात्र नेमके त्याचेच. कुजके पट्टे तसेच ठेवून वर नवे कापड ताणले, तरी नाताळ पार पडतो. बहुधा ईस्टरही पार पडतो. पुढे बसकण पुन्हा खचली, की कोणी काम खोटे झाले असे म्हणत नाही. वस्तूच जुनी होती, असे म्हणून सगळे मोकळे होतात.

तेव्हा प्रश्न असा: जे कोणी पाहणार नाही आणि ज्याचा दोष कधी आपल्या माथी येणार नाही, ते काम नीट का करावे?

'देव पाहतो' हे उत्तर आपल्या ओठांवर तयार असते. ते खोटे नाही. परंतु त्या उत्तराने आपण परमेश्वराला मुकादम करून टाकतो, आणि मुकादमाच्या धाकाने केलेले काम मुकादमाची पाठ वळेपर्यंतच चांगले राहते. दुसरे उत्तर अधिक भाविक आहे. आपण सकाळच्या प्रार्थनेत दिवसभराचे श्रम प्रभूला अर्पण करतो. हेतू शुद्ध असला, की काम पवित्र होते. ही शिकवण ख्रिस्तसभेची आहे आणि मी ती आनंदाने शिकवितो. तथापि तिचा एक सोयीस्कर अर्थ आपल्यात रुजला आहे, त्याची मला चिंता वाटते. काम कसेही झाले तरी चालेल, भाव महत्त्वाचा, असा तो अर्थ. अर्पणाच्या प्रार्थनेने ढिला सांधा घट्ट होत नाही. लंगडी नि आंधळी जनावरे वेदीवर आणणाऱ्यांना मलाखी संदेष्ट्याने कठोर शब्दांत फटकारले होते. त्या लोकांचा भाव कदाचित चांगलाही असेल. पण जनावर लंगडेच होते.

नागपूरचे आपले कॅथीड्रल ज्यांच्या नावाने उभे आहे, त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ साली प्रपंचातील माणसांसाठी भक्तिजीवनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कारागीर जर एखाद्या संन्याशाप्रमाणे दिवसभर चर्चमध्ये बसून राहू लागला, तर ती भक्ती हास्यास्पद होईल, असे त्यांनी त्यात स्पष्टपणे म्हटले आहे. खरी भक्ती कोणाचाही धंदा बिघडवीत नाही. तिच्यामुळे ज्याचे त्याचे काम अधिक चांगले होते, असा त्यांचा विचार. चारशे वर्षांनंतरही आपल्याला तो पुरतेपणी पचलेला नाही. धार्मिक माणूस म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे जपमाळ येते. दाभण येत नाही.

येथे एक मोह टाळला पाहिजे. खुर्ची म्हणजे आत्मा, फाटके कापड म्हणजे पाप आणि गादीवाला म्हणजे देव, असे रूपक कोणत्याही प्रवचनकाराला सहज सुचेल. मला ते रूपक नको आहे. रूपक केले, की खुर्ची बाजूला पडते आणि ती दुरुस्त करणारा माणूसही. मला खुर्चीबद्दलच बोलावयाचे आहे.

नासरेथचे लोक येशूला सुतार म्हणून ओळखत होते, असे संत मार्क सांगतात. मूळ ग्रीक शब्द 'टेक्टोन' हा सुतारापेक्षा थोडा व्यापक आहे. लाकडाची, प्रसंगी बांधकामाची कामे करणारा कारागीर, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन यांनी लिहून ठेवले आहे, की येशू नांगर आणि जू बनवीत असे. वर्धा जिल्ह्यातील माणसाला जू म्हणजे काय हे सांगावयास नको. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकले जातात, कारण वर्षभर त्या खांद्यांवर जू असते. जुवाची वरची बाजू रस्त्याने जाणाऱ्या सगळ्यांना दिसते. खालची, मानेला टेकणारी बाजू फक्त बैलाला कळते, आणि बैल तक्रार घेऊन सुताराकडे जात नाही. तेथे एक कुसळ राहिले, तर खांदा सोलतो. प्रभूने आपले जू सोयीचे असल्याचे सांगितले, तेव्हा त्यासाठी शुभवर्तमानात आलेल्या ग्रीक शब्दात 'नीट बसणारे' ही छटा आहे. ज्या हातांनी जुवाची खालची बाजू तासून गुळगुळीत केली असेल, त्या हातांच्या माणसाला ती उपमा सुचावी यात नवल नाही.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. आतली बाजू नीट करावयाची, ती देव तपासणार आहे म्हणून नव्हे, तर तिच्यावर कोणाचा तरी भार पडणार आहे म्हणून. त्या खुर्चीवर कोणाची तरी म्हातारी आई बसणार आहे. कारागीर तिला ओळखत नाही, तीही त्याला ओळखत नाही. तरीही सुतळीची गाठ घट्ट मारताना तो तिच्याशी प्रामाणिकपणे वागत असतो. शेजाऱ्यावरील प्रीती म्हणतात ती याहून वेगळी काय असणार?

फ्रेंच कवी शार्ल पेगी यांची आई ऑर्लेआं शहरात खुर्च्यांच्या बैठका गवताच्या काड्यांनी विणून पोट भरीत असे. पेगी दहा महिन्यांचे असतानाच सुतारकाम करणारे त्यांचे वडील वारले होते. पुढे १९१३ साली पैशावर लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी बालपणी पाहिलेल्या या कामाची आठवण लिहिली. ज्या वृत्तीने पूर्वजांनी कॅथीड्रल उभारली, त्याच वृत्तीने आपल्या लहानपणी खुर्च्या विणल्या जात, असा त्यांचा दावा आहे. न दिसणारा भागही दिसणाऱ्या भागाइतकाच नेटका होत असे, आणि तो मजुरीकडे किंवा मालकाकडे पाहून नव्हे. हे वाचताना मन भरून येते. परंतु मला पेगींशी थोडे भांडावेसेही वाटते. त्या विधवेने पहाटेपासून रात्रीपर्यंत खुर्च्या विणल्या, त्या मजुरीशिवाय घर चालत नव्हते म्हणून. कामावर प्रेम करणारा माणूस कमी पैशांतही काम खोटे करणार नाही, हे गिऱ्हाईक ओळखून असते आणि त्याच प्रेमाचा फायदा घेते. कारागिराच्या निष्ठेची स्तुती करावयाची आणि दर ठरविताना पन्नास रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करावयाची, हे आपल्या चांगल्या ख्रिस्ती घरांतूनही चालते. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालच्या आपल्या विश्वपत्रात बजावले आहे, की दोघांनी राजीखुशीने ठरविले एवढ्यानेच वेतन न्याय्य होत नाही. गरजेने वाकलेल्या माणसाची संमती ही खरी संमती नव्हे. त्याच्याही फार आधी संत याकोबाने आपल्या पत्रात, अडवून ठेवलेली मजुरीच देवाकडे आक्रोश करते, असे लिहिले. खुर्चीला आतली बाजू असते, तशी व्यवहारालाही असते, आणि तेथे आपण गिऱ्हाईक काय करतो तेही कोणी पाहत नाही.

या बाबतीत वर्धेकरांना दूर जाण्याचे कारण नाही. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ साली वर्ध्यात स्थापन झाला. मगनवाडीत राहून त्याचे काम चालविणारे जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती होते. १८९२ साली तंजावरला एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला, लंडनला हिशेबतपासनीस झालेला आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस तेलघाणी, हातकागद आणि मधमाशा यांच्यात रमला. तेथील मगन संग्रहालयाचे उद्घाटन १९३८ साली गांधीजींच्या हस्ते झाले. आपल्यापैकी किती जण मुलांना घेऊन तेथे गेले आहेत, हे मी विचारीत नाही. कुमारप्पा कॅथलिक नव्हते, आणि चर्चवरील त्यांची टीका पुष्कळदा इतकी तिखट असे की ती सगळीच मला मान्य होणार नाही. तथापि तुरुंगात असताना त्यांनी येशूचे आचरण आणि शिकवण यांवर एक छोटे पुस्तक लिहिले आणि 'शाश्वततेचे अर्थशास्त्र' हा ग्रंथही तेथेच लिहिला, हा योगायोग नव्हे. एकाच श्रद्धेची ती दोन अंगे होती. वस्तू विकत घेणारा माणूस ती वस्तू कशी निर्माण झाली याच्या पापपुण्याचा वाटेकरी असतो, असे ते मानीत. निसर्गातील साठे दोन प्रकारचे, हेही ते सांगत: कोळसा आणि खनिज तेल यांसारखे, उपसले की संपणारे, आणि पुन्हा पुन्हा पिकणारे.

आपली खुर्ची या दोहोंच्या मधोमध उभी आहे. आज तिच्यात बहुधा फोम घातला जातो. तो खनिज तेलापासून बनतो, स्वस्त पडतो आणि काही वर्षांनी त्याचा पिवळा भुगा होतो. भुग्याला दुरुस्ती नसते. कापसाचे तसे नाही. दबून गुठळ्या झालेला कापूस उन्हात टाकून पिंजला, की पुन्हा फुलतो. दर खेपेला थोडी तूस झडते, तेवढी भर घालावी लागते, इतकेच. धनुकलीच्या तातीचा तो टणत्कार आता आपल्या गल्ल्यांतून ऐकू येत नाही. पिंजण यंत्रावर होते. पण कापूस तोच आहे. ज्या हिंगणघाटचा कापूस एकेकाळी इंग्लंडच्या बाजारात गावाच्या नावाने ओळखला जाई, त्या जिल्ह्यात आपण राहतो. आणि कापूस पिकविणाऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारला विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर करावी लागली, त्यांतही वर्धा होता. तेव्हा खुर्चीत काय भरावे, हा केवळ बसण्याच्या सोयीचा प्रश्न राहत नाही.

आता एक अवघड मुद्दा. आपल्या भागातील पिंजारी बहुधा मुसलमान असतात. त्यांच्या प्रामाणिक श्रमाला मी ख्रिस्ती श्रद्धा म्हणावे काय? सेमिनरीत आम्हांला कार्ल रानर यांचा 'निनावी ख्रिस्ती' हा विचार शिकविला गेला. तो उदार मनाने मांडलेला आहे हे मी जाणतो. पण माणसाला न विचारता त्याच्या कपाळी आपले नाव लावणे मला प्रशस्त वाटत नाही. त्याची निष्ठा त्याची आहे. ज्यांच्या कपाळी क्रूसाची खूण केलेली आहे ते आपण आपल्या कार्यालयात, वर्गात, दवाखान्यात, शेतात आतली बाजू कशी ठेवतो, हा प्रश्न मात्र त्याच्या कामाकडे पाहिले की टाळता येत नाही.

गेल्या आगमनकाळात आमच्या चर्चमधील गुडघे टेकण्याच्या फळ्यांना नव्या गाद्या करावयाच्या होत्या. आलेल्या पिंजाऱ्याने दर सांगण्याआधी मला विचारले, "फादर, लोक किती वेळ टेकतात?" मिस्सेत थोडा वेळ, परंतु म्हाताऱ्या बाया रोझरीला बराच वेळ, असे मी सांगितले. फोम दोन वर्षांत बसेल आणि खाली फळी लागेल, असे म्हणून त्याने कापूसच घेतला. तो सरकू नये म्हणून चार-चार बोटांवर टाके घालावे लागतील, वेळ अधिक लागेल आणि त्याचे पैसेही अधिक होतील, हेही सांगून टाकले. मग फळीवर कापूस पसरून, वर मांजरपाट टाकून तो स्वतः त्यावर गुडघे टेकून बसला. उठला, मूठभर कापूस काढला, पुन्हा बसला. समितीतील मंडळी तोवर रेक्झीन तपकिरी घ्यावे की तांबडे, याची चर्चा करीत होती.