तीन मिनिटं झाली, वाढवू का?

चि. सोनू,

तुझा मेसेज वाचला. एकामागून एक ऑनलाइन मीटिंगा उरकल्या की संध्याकाळी भाजी निवडायचंही त्राण उरत नाही, आणि वर सासूबाई म्हणतात, "बसूनच तर असतेस." त्यांचा राग धरू नकोस. त्यांनी उसाला रात्रीचं पाणी धरलंय. दमणं म्हणजे काय याची त्यांची मोजपट्टी वेगळी. पण म्हणून तुझं दमणं खोटं ठरत नाही.

स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलनसन नावाच्या प्राध्यापकांनी 2021 साली या थकव्याची कारणं मांडली होती. पडद्यावरचे चेहरे इतके मोठे दिसतात की प्रत्यक्षात कुणी एवढ्या जवळ येऊन बोललं तर आपण मागे सरकू. माणसांत बसलं की सगळे बोलणाऱ्याकडे बघतात, बाकीच्यांना खिडकीबाहेर बघायची मुभा असते. इथे सगळे सगळ्यांकडे बघतात. त्यात कोपऱ्यात आपलंच तोंड, म्हणजे केस विस्कटले का यावरही लक्ष. चौकट सुटेल म्हणून हलायचं नाही. मान नुसती डोलवून भागत नाही, दिसेल अशी डोलवावी लागते. आणि आवाज क्षणभर उशिरा पोचला तरी वाटतं, साहेब रागावले की काय!

मी टेलिफोन एक्स्चेंजच्या ट्रंक बोर्डावर बसायचे, हे ऐकून ऐकून तुला पाठ झालंय. तरी पुन्हा ऐक. हेडसेटने कान दुखायचे, घसा सुकायचा, पण चेहरा आपला राहायचा. शेजारणीकडे बघून हसावं, तोंड वाकडं करावं, पलीकडच्याला पत्ता नाही. कॉलची आकारणी तीन मिनिटांच्या हिशेबाने. वेळ भरली की आम्ही मध्ये बोलायचो, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" आणि लोकांचं तेवढ्यात भागायचं गं. बाळंतपण, बदली, मयत, लग्नाची बोलणी, सगळं. पैसे पडत होते म्हणून बोलणं नेमकं होतं. तुमच्या मीटिंगला कुणाच्या खिशातून काही जात नाही असं वाटतं, म्हणून ती तासभर चालते.

तेव्हा कॉलचे प्रकार होते: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. शिवाय पीपी, म्हणजे ठरावीक माणूसच फोनवर हवा असा. उद्या सकाळी तुझं कॅलेंडर उघड आणि प्रत्येक मीटिंगपुढे यातलं एक लिही. लाइटनिंग क्वचितच निघेल. ऑर्डिनरीतलं बरंचसं चार ओळींच्या मेलवर भागेल. आणि जिथे तू पीपी नाहीस, नुसती यादीत नाव आहे म्हणून बसतेस, तिथे मॅनेजरला सरळ विचार, "माझं काम किती वाजता आहे? तेवढ्यापुरती येते."

कॅमेऱ्याचं मात्र भीड न ठेवता बोल. अमेरिकेत 103 कर्मचाऱ्यांवर चार आठवडे एक प्रयोग झाला, तोही 2021 मध्येच छापून आला. कॅमेरा चालू असला की लोक जास्त थकले, बायका आणि नव्याने लागलेले त्याहून जास्त. आणि थकलेली माणसं मीटिंगमध्ये कमी बोलली. म्हणजे "कॅमेरा चालू म्हणजे लक्ष आहे" हे साहेबांचं गणित उलटं पडतं. नव्या माणसाची ओळख, कुणाची नाजूक गोष्ट, अशा वेळी चेहरा दिसू दे. एरवी आवाज पुरे. कॅमेरा ठेवावाच लागला तर निदान स्वतःचं चित्र लपवायची सोय आहे, ती वापर.

ऑफिसला जात जा, असं मी सांगणार नाही. सोलापूर रस्त्याने मगरपट्ट्यापर्यंत जाताना हडपसरच्या कोंडीत रोज अडकण्यापेक्षा मीटिंग परवडली. पण दोन जणांचं बोलणं असेल तर साधा फोन लाव आणि कालव्याच्या कडेने चालत बोल. स्टेशनच्या बाजूला नको, तिथे पेट्रोलचे टँकर. थंडीत एखाद्या रविवारी चिनूला घेऊन कवडीपाटला नदीकाठी जा. नदीला वास येतो, फेसही असतो, तरी चक्रवाक येतातच. लांबचं बघितलं की डोळ्यांचा ताण उतरतो, तेवढं पुरे.

चिनूच्या क्लासचंही बघ. 2020च्या जुलैत केंद्राने "प्रज्ञाता" नावाच्या सूचना काढल्या होत्या. पहिली ते आठवीच्या मुलांना ऑनलाइन वर्ग दिवसाला दोनच, तेही 30 ते 45 मिनिटांचे. शाळा उघडल्या आणि त्या सूचना सगळे विसरले. आता शाळा करून आलेलं पोर संध्याकाळी पुन्हा दोन तास पडद्यासमोर बसतं. सहावीला एवढी कसली घाई? एक क्लास कमी कर.

आणि रविवारी रात्रीचा आपला खानदानी व्हिडिओ कॉल, ज्यात अण्णांचं कपाळ तेवढं दिसतं आणि सगळे "आवाज येतोय का" विचारतात, तो या आठवड्यापासून बंद. अण्णांना मी सांगते, तू वाईटपणा घेऊ नकोस. तुला वाटेल तेव्हा फोन कर, दुपारी चारनंतर. त्याआधी मी झोपलेली असते.

तुझी,
आत्या