बरोबरीची जोड

बॉक्सिंगच्या सामन्याआधी दोन्ही खेळाडूंना काट्यावर उभं करून त्यांचं वजन घेतात. चित्रपटात हा प्रसंग चटकन उरकला जातो. दोघं एकमेकांकडे रोखून पाहतात, कुणीतरी कुणाला ढकलतं, कॅमेरे लखलखतात आणि गोष्ट पुढे सरकते. मला मात्र वाटतं की लढतीच्या चित्रपटांचा सगळा जीव त्या काट्यातच आहे. समोरच्याला लोळवणं हा त्यांचा वरवरचा विषय. खरा विषय आहे बरोबरीची अट.

या चित्रपटांतला नायक बहुतेक वेळा गरीब असतो. हॉलिवूडपासून मुंबईपर्यंत ही रीत फारशी बदललेली नाही. तो गोदीत राबतो, वसुली करतो, कुणाच्या तरी दाराशी उभा असतो. गरिबी दाखवली की प्रेक्षक हळवा होतो, एवढंच त्यामागे नसावं. या माणसाच्या आयुष्यात सारखं मापून काहीच मिळालेलं नसतं. शाळा, घर, नोकरी, पोलीस चौकी, कुठेही त्याचं माप वेगळं. रिंगणात मात्र दोघांचं वजन एकाच गटातलं, हातमोजे सारखे, फेरी तीन मिनिटांची तर दोघांनाही तीनच मिनिटांची, आणि पट्ट्याखाली ठोसा मारायला दोघांनाही बंदी. बाहेरच्या जगाने कधी न दिलेली समान अट त्याला फक्त या चार दोरांच्या आत मिळते, म्हणून तो तिथे जातो.

नवी मुंबईतल्या बोनकोड्यात ही गोष्ट समजायला फार वेळ लागू नये. कोपरखैरण्याच्या इमारतींनी वेढलेलं हे जुनं गावठाण. या पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांची भातशेती १९७० नंतर सिडकोच्या शहराखाली गेली. भाव ठरवणारा एक, जमीन देणारा दुसरा, आणि त्या दोघांची जोड कुणीच बरोबरीची म्हणणार नाही. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या बाजूला आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. मागणी काय होती? आमचंही वजन काट्यावर धरा, इतकीच. याच ठाणे-रायगड भागात जत्रेला कुस्त्यांचा फड लागतो, तेव्हा पंच दोन पोरांना शेजारी शेजारी उभं करतात, खांदे-मांड्या पाहतात आणि नजरेनेच जोड लावतात. जोड विजोड वाटली तर हलगी वाजायच्या आधीच लोक ओरडून सांगतात. कुस्तीत कोण जिंकणार हे कुणाला माहीत नसतं. पण जोड न्यायाची आहे की नाही, हे शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही कळतं.

हे ध्यानात घेतलं की या चित्रपटांतले इतर संकेतही उलगडू लागतात. विकलेल्या लढतीचंच पाहा. 'ऑन द वॉटरफ्रंट' (१९५४) मधला टेरी मलॉय एकेकाळचा मुष्टियोद्धा. भावाच्या सांगण्यावरून तो एक लढत मुद्दाम हरलेला असतो, आणि ती हार त्याला आयुष्यभर सोडत नाही. हाच धागा 'गुलाम' (१९९८) मधून मुंबईच्या वस्तीत आला. 'तूफान' (२०२१) मध्ये डोंगरीचा अझीझ अली पैसे घेऊन हरतो. कारण काय, तर त्याला घर हवं असतं. तो मुसलमान, त्याची अनन्या प्रभू हिंदू, आणि या जोडप्याला कुणी घर देत नाही. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. बाहेरच्या जगातली विषमता अखेर रिंगणाच्या आत शिरते आणि त्याला मिळालेली एकुलती एक समान जागा त्याच्याच हातून विकली जाते. म्हणून अशा गोष्टींत विकलेली लढत हे सगळ्यांत मोठं पाप ठरतं. ठोसे खाऊन पडणं त्यापुढे काहीच नाही.

'रॉकी' (१९७६) चा शेवट नायकाच्या पराभवात होतो, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. पंच निकाल अपोलो क्रीडच्या बाजूने देतात. रॉकीने मागितलं होतं एवढंच, की पंधराच्या पंधरा फेऱ्या उभं राहता यावं. म्हणजे आपण जोडीला लायक होतो, हे सिद्ध व्हावं. ते झाल्यावर निकाल कानावर नीट पडला नाही तरी प्रेक्षकाचं काही अडत नाही.

सराव, घाम, पहाटेची धाव या संकेतावर बरंच लिहिलं गेलं आहे, म्हणून तो सोडून देतो. खलनायकाचा संकेत मात्र मला खटकतो. अन्याय दाखवायचा तर चित्रपटाला त्याचा एक चेहरा लागतो. 'दंगल' (२०१६) मध्ये अंतिम लढतीच्या वेळी नायिकेच्या वडिलांना खोलीत कोंडून ठेवलेलं दाखवलं आहे. तसं काही घडलं नव्हतं. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगटने ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडला एकतर्फी हरवलं होतं. चित्रपटकारांना साधा, स्वच्छ विजय पुरेसा वाटला नाही. त्यांनी एक कुलूप आणि एक दुष्ट माणूस आणला. पडद्यावर ते रंगतं, हे खरं. पण त्याने आपली एक चुकीची समजूत होते, की दुष्ट माणूस बाजूला केला की न्याय आपोआप होतो.

आपल्याकडची सगळ्यांत मोठी लढतकथा या समजुतीत बसत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकला गेले, तेव्हा मातीतून थेट मॅटवर उतरले आणि सहावे आले. १९५२ च्या निवडीच्या वेळी आपल्याला डावललं गेलं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लागली आणि ती त्यांनी जिंकली. म्हणजे त्यांचा पहिला झगडा जोड लावून घेण्यासाठीच होता. मग पैशांचा प्रश्न. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती ते हरले. आणि लगेच त्यांना सोव्हिएत मल्ल मम्मदबेकोवसमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण तो नियम बोलून दाखवायला भारताचा कुणी अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा उतरले, हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गावी शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर खर्डेकर सरांचं कर्ज फेडण्यासाठी खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली.

इथे खलनायक कोण? कुणीच नाही. मम्मदबेकोव आपली कुस्ती खेळला, पंचांनी पुकारा केला. अन्याय घडला तो एका रिकाम्या खुर्चीतून. जोड बरोबरीची होण्यासाठी नियम असून भागत नाही. तो मागणारं माणूस जागेवर असावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा पैसेवाल्या देशांच्याच वाट्याला येतं.

जोड नीट लागली तर काय होतं, तेही पाहा. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि बॉक्सिंग संपलं. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. त्या स्पर्धेतही खेळाडूंचे गट शारीरिक क्षमता पाहून पाडलेले होते; जोड नीट लावली गेली आणि या माणसाचं बळ जगाला दिसलं. २०२४ चा 'चंदू चॅम्पियन' त्यांच्यावरच आहे.

नागराज मंजुळे यांनी खाशाबांवर चित्रपट करायला घेतला आहे. त्यांना एक विनंती. हेलसिंकीच्या प्रसंगात कुणाला दुष्ट करू नका. इशीबरोबरच्या कुस्तीनंतर खाशाबांना न मिळालेला तो अर्धा तास आणि ती रिकामी खुर्ची आम्हाला नीट दाखवा.