मास्तरांची शिकवणी

एडविन अर्नोल्ड १८५७ साली पुण्यात आला तेव्हा जेमतेम पंचविशीचा होता. ऑक्सफर्डला कवितेचं बक्षीस मिळवलेलं, बर्मिंगहॅमच्या शाळेत थोडी मास्तरकी केलेली, आणि आता एकदम पूना कॉलेजचा प्रिन्सिपॉल. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेलं आणि पुढे डेक्कन कॉलेज या नावाने ओळखलं गेलेलं हेच ते कॉलेज. उत्तरेत बंड पेटलेलं असताना हा तरुण पेशव्यांच्या पुण्यात मुलांपुढे इंग्रजी घेऊन उभा राहिला.

त्याने वर्गात नेमकं काय शिकवलं, याची आज कोणाला आठवण नाही. आठवण आहे ती इथे तो जे शिकला त्याची. पुण्यात असताना त्याने संस्कृतचा अभ्यास केला. १८६१ साली तो परतला आणि त्याच वर्षी त्याचा ‘हितोपदेशा’चा इंग्रजी अनुवाद निघाला. पुढे लंडनच्या एका दैनिकात नोकरी करता करता त्याने १८७९ मध्ये बुद्धचरित्रावरचं ‘द लाइट ऑफ एशिया’ लिहिलं आणि १८८५ मध्ये गीतेचा पद्यानुवाद. काही वर्षांनी लंडनमध्ये कायदा शिकणाऱ्या मोहनदास गांधींनी गीता वाचायला घेतली ती याच अनुवादाच्या सोबतीने.

परक्या मुलखात गेलेल्या मास्तराची स्थिती मोठी विचित्र असते. वर्गात सगळं कळणारा एकटा तोच आणि वर्गाबाहेर काहीच न कळणाराही तोच. फळ्यापुढे तो चुका दुरुस्त करतो, मंडईत भाजीवालीसुद्धा त्याची चूक काढते. ही दोन माणसं एकाच अंगरख्यात नांदवणं म्हणजे नव्या गावात रुळणं, असं मला वाटतं. घर मिळणं, पगार सुरू होणं, पाणी मानवणं हे सगळं त्यामानाने लवकर होतं. जाणत्याच्या खुर्चीतून उतरून रोज थोडा वेळ अडाणी होणं मात्र अनेकांना आयुष्यभर जमत नाही. पुण्यातल्या इंग्रजांना तर ते न जमलं तरी चालण्यासारखं होतं. त्यांच्यासाठी लष्कराची वेगळी वस्ती होती: बंगला, क्लब, चर्च, बटलर. पेठांकडे एकदाही न फिरकता अख्खी नोकरी निभावता येत असे. अर्नोल्डने शास्त्र्यांची विद्या जवळ केली ती कोणी भाग पाडलं म्हणून नव्हे. आणि इथेच त्याच्या कौतुकाला थोडी मुरड घालावी लागते. राज्यकर्त्यांच्या मास्तराला काय शिकायचं आणि काय नाही, हे ठरवायची मोकळीक आयतीच मिळाली होती.

ती मोकळीक नसेल तर काय होतं, हे पुण्याहून उलट दिशेने गेलेल्या बाईंनी पाहिलं. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणींशी ठरलं होतं की रमाबाईंनी हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायची आणि बदल्यात स्वतः इंग्रजी शिकायची. कानांनी दगा दिला आणि डॉक्टर व्हायचा बेत राहून गेला. मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. म्हणजे अर्नोल्डसारख्याच एकाच वेळी गुरू आणि शिष्य. फरक एवढाच की त्यांनी काय शिकावं, याची यादी दुसऱ्यांनी केली होती.

बाप्तिस्मा त्यांनी स्वतःच्या निर्णयाने घेतला, पण त्यानंतर धर्मातला प्रत्येक बारकावा मुकाट्याने मानावा, अशी अपेक्षा सुरू झाली. मांसाहार न करणं हासुद्धा अहंकार ठरू लागला. (गंमत म्हणजे त्यानंतर काही वर्षांनी गांधींनी लंडनच्या बेजवॉटर भागात शाकाहारी मंडळ काढलं, तेव्हा उपाध्यक्ष झाले ते सर एडविन अर्नोल्ड. साहेबाने शाकाहाराची बाजू घेतली की ते तत्त्व, रमाबाईंनी घेतली की हट्ट.) चेल्टनहॅममध्ये पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी विरोध केला. कलकत्त्याच्या पंडितांच्या सभेत ‘सरस्वती’ पदवी मिळवलेल्या या बाईंना ते ऐकून नवल वाटलं नसतं तरच नवल. पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली, ती पुन्हा दुसऱ्या जोखडात घालणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी वाँटेजच्या भगिनी जेराल्डिन यांना स्पष्ट कळवलं.

अर्नोल्डला जे फुकट मिळालं ते रमाबाईंना असं पत्रामागून पत्र लिहून मिळवावं लागलं. पण मिळवलं खरं. १८८६ च्या फेब्रुवारीत आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. थोड्या दिवसांचा मुक्काम दोन वर्षांवर गेला. तिथे बालवाडी शिक्षणाची फ्रोबेलची पद्धत त्या शिकल्या, आणि हे शिक्षण त्यांनी स्वतः निवडलेलं होतं.

आज पुण्यातली मुलंमुली इंग्रजी शिकवायला परदेशी जायला निघतात तेव्हा करारात पगार, घर आणि विमा निरखून पाहतात. तेही पाहावंच. पण गेलेल्यांशी बोलताना मी वेगळंच विचारतो: तिथे तू कुणाचा विद्यार्थी आहेस, आणि तो विषय निवडला कुणी?