फितीची साक्ष

न्यायालयात उभा राहणारा साक्षीदार प्रथम शपथ घेतो आणि मग उलटतपासणीला सामोरा जातो. जुन्या वृत्तपटाला यांपैकी काहीच करावे लागत नाही. अंधारात पडद्यावर माणसे चालू लागली की ती आपण प्रत्यक्ष पाहिली असे आपल्याला वाटते. आणि स्वतःच्या डोळ्यांची उलटतपासणी घेण्याची सवय वकिलालाही नसते. अशा साक्षीदारावर कितपत विसंबावे, हा प्रश्न केवळ इतिहासकारांचा आहे असे मला वाटत नाही. त्या फितीत जी माणसे दिसतात, त्यांना न्याय देण्याचाही तो प्रश्न आहे.

न्यूरेंबर्ग येथील न्यायाधिकरणापुढे २९ नोव्हेंबर १९४५ रोजी नाझी छळछावण्यांचा सुमारे तासाभराचा चित्रपट पुरावा म्हणून दाखविण्यात आला. त्याला दोन प्रतिज्ञालेखांचा आधार होता. एक जॉर्ज स्टीव्हन्स या दिग्दर्शकाचा, दुसरा ई. आर. केलॉग या नौदल अधिकाऱ्याचा. पडद्यावरील दृश्यचमत्कृती हा केलॉगचा युद्धापूर्वीचा व्यवसाय. म्हणजे फीत कशी फसविते हे ज्याला ठाऊक, त्याच्याकडूनच ही फीत फसवीत नाही असे शपथेवर वदवून घेण्यात आले! या साऱ्या प्रकारात मला मोलाची वाटते ती हीच दक्षता. यंत्राच्या पाठीशी एक जबाबदार माणूस उभा करण्याची. तरीही एक गोष्ट उरतेच. ऐंशी हजार फूट चित्रणातून सहा हजार फूट निवडले गेले होते. निवड म्हणजे फेरफार नव्हे, हे खरे. परंतु निवड म्हणजे निवाडा, आणि तो न्यायाधीशांनी नव्हे तर इतरांनी आधीच केलेला.

याच्या अगदी उलट टोकाला एक दुसरी फीत आहे. १९४४ साली नाझींनी थेरेझीनश्टाट येथील बंदिवान ज्यूंच्या वस्तीचे चित्रण करविले. कुर्ट गेरॉन हा नामवंत ज्यू नट व दिग्दर्शक तेथेच कैदेत होता. त्यालाच हे काम करावे लागले. चित्रात फुटबॉलचा सामना आहे, संगीताची मैफल आहे, ग्रंथालय आहे, कामात रमलेले कारागीर आहेत. चित्रण संपल्यावर गेरॉनला आउश्वित्सला धाडण्यात आले व तेथे त्याची हत्या झाली. पडद्यावर दिसलेल्या कितीतरी स्त्री-पुरुषांची आणि मुलांची गत तीच झाली. आज त्या फितीचे काही तुकडे तेवढे उपलब्ध आहेत.

हे तुकडे पुरावा आहेत काय? लेख लिहिला गेला हे सिद्ध होणे वेगळे आणि त्यातील मजकूर खरा असणे वेगळे, हा भेद आमच्या धंद्यात पहिल्याच वर्षी कळतो. मजकूर म्हणून ही फीत निखालस खोटी. पण असा खोटेपणा जाणूनबुजून रचला गेला, याचा तिच्याइतका बळकट पुरावा दुसरा नाही. येथवर कायदा माझ्या सोबतीला येतो. पुढे येत नाही. कारण सामना बनावट असला तरी चेंडूमागे धावणारा तो तरुण बनावट नव्हता, आणि त्यांतील अनेकांची कदाचित हीच अखेरची छबी असेल. मारेकऱ्याने काढविलेले चित्र म्हणून ते नष्ट करावे, तर या माणसांचे चेहरे दुसऱ्यांदा पुसले जातात. जपावे, तर त्यांना मारेकऱ्यांच्या नाटकात कायमचे उभे ठेवावे लागते. माझा कौल जपण्याच्या बाजूने आहे. मात्र कॅमेरा कोणाच्या हुकुमाने चालत होता हे सांगितल्यावाचून ते कोणासही दाखवू नये. निवेदनाविना दाखविलेले ते चित्र म्हणजे त्या खोटेपणाची पुनरावृत्तीच होय.

शिक्षणपटांची गोष्ट थोडी निराळी. ते जे घडले ते दाखवीत नाहीत, घडावे असे वरिष्ठांना वाटत होते ते दाखवितात. अमेरिकेच्या नागरी संरक्षण खात्यासाठी १९५१ साली काढलेल्या ‘डक अँड कव्हर’ या नऊ-दहा मिनिटांच्या पटात बर्ट नावाचे कासव शाळकरी मुलांना अणुबाँबपासून लपायला शिकविते. आज तो पाहून लोक हसतात. मलाही प्रथम हसू आले, हे कबूल करतो. पण बाकाखाली मान झाकून बसलेली मुले आज्ञाधारकपणे बसली होती. आणि त्या लपण्याने किती रक्षण होणार होते, हे विचारणे त्यांच्या वयाचे काम नव्हते. अणुबाँबसंबंधी ही फीत फारसे काही सांगत नाही. वडीलधाऱ्यांचे भय मुलांच्या वाट्याला कसे गेले, ते मात्र सांगते.

आपल्याकडील आरंभीचा वृत्तपट आज पाहायला मिळत नाही. केंब्रिजची सीनियर रँग्लर ही पदवी मिळवून रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ च्या डिसेंबरात मुंबईस परतले, तेव्हा हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी ते दृश्य टिपले होते. फीत गेली म्हणून परांजप्यांचे काही गेले नाही. त्यांचे चरित्र कागदोपत्री सुरक्षित आहे. ज्यांचा कागद कोठेच नाही असा कोणी हमाल, टांगेवाला, कडेवरच्या मुलाला सावरून टाचा उंचावणारी कोणी बाई त्या गर्दीत असेल, किंवा नसेलही. कॅमेऱ्याने त्यांची निवड केली नसती, तरी चौकटीच्या कडेला ती सहज आली असती.