ओटी आणि माजघर

परवा धाकट्या चिरंजिवांनी घरात दुसरा राउटर आणला. एक सुरळीत चालू असताना दुसरा कशाला, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, आपल्या कोकणातल्या घराला ओटी होती आणि माजघरही होतं ना? तसंच हे."

उपमा ऐकून मी खूष झालो. इंटरनेट कंपनीने बसवून दिलेला राउटर ही ओटी. टीव्ही, दारावरचा कॅमेरा, पाहुण्यांचे फोन यांची ऊठबस तिथे. त्याला तारेने जोडलेला दुसरा राउटर हे माजघर. त्याचा पासवर्ड निराळा, आणि बँकेचे व्यवहार होतात तो संगणक त्यात. आतल्याला ओटीवर डोकावता येते. ओटीवरचा कोणी आपण होऊन माजघराचे दार वाजवू लागला, तर आतून ओ मिळत नाही.

भीती काल्पनिक नव्हे. २०१६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत नामांकित संकेतस्थळे काही तास लोकांना उघडेनात. 'मिराय' नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमची ती करणी. आणि त्याची फौज कोणती? लोकांचे कॅमेरे आणि राउटर! कारखान्यातून आलेले पासवर्ड मालकांनी बदललेच नव्हते. साठेक ठरावीक किल्ल्या लावून पाहिल्या की कुलूप उघडे.

हे सारे मला पटले. मग तो हळूच म्हणाला, "तुमचा फोन ओटीवर ठेवतो हं, बाबा."

कारण मला ठाऊक होते. गेल्या आषाढात 'वीज तोडू' अशा धमकीच्या संदेशाला भिऊन मी फोनमध्ये भलतेच काही उतरवून घेतले होते. मुलाने वेळीच पाहिले म्हणून पैसे वाचले. निवाडा न्याय्य होता. तरी लागला.

आणि तेव्हाच कोकणातले ते अंगण आठवले. आमचे शेत कसणारे गडी भर पावसात अंगणातच उभे राहत. त्यांना ओटीची पायरीही नव्हती. त्यांनी कोणता अपराध केला होता? जन्म घेतला होता, एवढाच. मी त्या वेळी माजघरात गरम भाकरी खात होतो, आणि घास काही घशात अडकला नव्हता. मला निदान माझ्या करणीने बाहेर बसवले आहे. पण भिंतीविषयीचा हा विचार बाहेर बसल्यावरच सुचावा, याची लाज कुठे ठेवू?

मुलाला मी एकच शंका विचारली, "माजघरातला निरोप बाहेर जातो कुठून?"

"ओटीवरूनच," तो म्हणाला. "म्हणून निरोप मोहरबंद पाठवायचे, आणि ओटीच्या राउटरचाही कारखान्याचा पासवर्ड बदलायचा. तिकडे दुर्लक्ष करून चालत नाही."

तो नवा पासवर्ड मी ठळक अक्षरांत कागदावर लिहून घेतला. संध्याकाळी फराळाला मंडळी आली. शेजारच्या मुलाने बिचकतच वायफाय मागितले.

"ये," मी म्हटले, "माझ्याच ओटीवर बस."